एका भेटीत निदान : लैंगिक संसर्गाच्या तत्काळ तपासणीविषयी

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या सेवेची तपशीलवार माहिती देण्याचा प्रघात आहे. यंदा ज्या सेवेविषयी लिहावयाचे ठरले, तिचे नाव चारचौघांत घेताना आपला आवाज नकळत खाली येतो. लैंगिक संसर्गातून होणारे आजार आणि त्यांची रुग्णासमोरच, काही मिनिटांत होणारी तपासणी हा तो विषय होय. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून रुग्णालयाचे प्रशासन पाहतो. वैद्यकीय बाबी डॉक्टरांकडून समजून घेऊन त्या देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यापुढे साध्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

या आजारांची नावे आपल्याला नवीन नाहीत. जुन्या पिढीतील माणसे 'गरमी' आणि 'परमा' म्हणत. वैद्यकाच्या पुस्तकांत 'उपदंश' हा शब्द आढळतो. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' ग्रंथात 'फिरंगरोग' असे नाव आहे, कारण हा रोग फिरंग्यांबरोबर आला अशी समजूत होती. युरोपातही निराळे घडले नाही. फ्रेंच लोक त्याला नेपल्सचा रोग म्हणत आणि इटलीतील लोक फ्रेंच रोग. रोग आपला नव्हे, दुसऱ्याने आणलेला, ही भावना नावातच शिरली आणि घराघरांत ती अजून टिकून आहे. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयांवर उघडपणे लिहिले आणि त्यापायी त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. आज खटले होत नाहीत; परंतु केसपेपरवर आजाराचे नाव लिहू नका, अशी विनंती अजूनही होते.

आपल्या सेवेचा मुख्य भाग गर्भवती स्त्रियांसाठी आहे आणि त्यातही उपदंश, म्हणजेच सिफिलिस, या एका आजारासाठी. त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते.

सिफिलिसचा जंतू १९०५ साली जर्मनीत सापडला. या आजाराचा स्वभाव मोठा फसवा आहे. प्रथम एक व्रण होतो, तो दुखत नाही आणि काही आठवड्यांत औषधाशिवाय भरून येतो. पुढे कधी अंगावर पुरळ येते, तेही जाते. त्यानंतर वर्षानुवर्षे काहीच त्रास नसतो. स्त्रियांमध्ये पहिला व्रण शरीराच्या आतील भागात असल्यास तो दिसतही नाही. अशी स्त्री गर्भवती राहिली तर ती स्वतः धडधाकट असते, कामाला जात असते. परंतु जंतू वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. उपचार न झाल्यास अशा गर्भारपणांपैकी निम्म्याहून अधिकांत काहीतरी अनिष्ट घडते. गर्भपात होतो, मूल मृत जन्मते, अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होते, अथवा जन्मल्यावर काही दिवसांतच दगावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ साली जगभरात सुमारे ६ लाख ६१ हजार गर्भारपणांत बाळाला हा संसर्ग झाला आणि त्यांपैकी २ लाखांहून अधिक बाळे मृत जन्मली किंवा जन्मानंतर लवकरच दगावली. २०२२ साठीचा अंदाज ७ लाखांचा आहे. म्हणजे प्रश्न कमी झालेला नाही.

आता दुसरी बाजू. या आजारावरील औषध ऐंशी वर्षांपासून माणसाच्या हाती आहे. १९४३ साली अमेरिकेत सिफिलिसच्या रुग्णांवर पेनिसिलिन प्रथम वापरले गेले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली ती मुख्यत्वे पेनिसिलिन तयार करण्यासाठीच. आजार नुकताच जडलेला असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. आजार जुना असेल अथवा केव्हाचा आहे हे कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. प्रसूतीपूर्वी किमान तीस दिवस आधी उपचार सुरू झाला तर बाळ वाचण्याची शक्यता उत्तम असते. बाळाला जपणारे याहून स्वस्त औषध आमच्या औषध भांडारात क्वचितच असेल.

औषध जुने, स्वस्त आणि हमखास, तरीही बाळे जातात. डॉक्टरांना हा प्रश्न विचारला असता त्यांनी दिलेले उत्तर एका प्रशासकाला चटकन पटण्यासारखे होते : रक्त घेणे आणि अहवाल हाती पडणे यांच्या मधल्या वेळात रुग्ण निघून जाते.

सिफिलिससाठी प्रयोगशाळेत प्रचलित असलेली तपासणी व्हीडीआरएल या नावाने ओळखली जाते. ती १९४६ सालची असून आजही उपयुक्त आहे. परंतु तिला शिरेतून रक्त घ्यावे लागते, रक्तातील पाणी म्हणजे सीरम वेगळे करावे लागते, ते ५६ अंश तापमानाला अर्धा तास ठेवावे लागते, तपासणीचे द्रावण त्याच दिवशी ताजे तयार करावे लागते, नंतर काचपट्टी फिरत्या यंत्रावर ठेवून शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. एवढा खटाटोप एका नमुन्यासाठी कोणी करीत नाही. पुरेसे नमुने साठले की सर्व एकदम तपासले जातात. साहजिकच अहवाल उद्या, परवा किंवा त्यानंतर मिळतो.

आमच्याकडे येणाऱ्या भगिनी कोण आहेत, हे सोलापूरकरांना सांगावयास नको. पूर्व भागातील विडी वळणारी स्त्री हजार विड्यांवर मजुरी मिळवते. तपासणीसाठी अर्धा दिवस गेला की तेवढ्या विड्या कमी होतात. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडून येणारी स्त्री एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्या सासूचा वेळ आणि घरी ठेवलेले थोरले मूल यांचा हिशोब करूनच निघालेली असते. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाचे तर सांगताच येत नाही. टोळीचा मुक्काम हलला की पुढील तपासणी दुसऱ्या तालुक्यात, किंवा कोठेच नाही. "परवा येऊन रिपोर्ट घेऊन जा" हे वाक्य खिडकीवर दिवसातून कितीतरी वेळा उच्चारले जाते. ज्या स्त्रीला काहीच दुखतखुपत नाही, तिने एका कागदासाठी पुन्हा यावे ही अपेक्षा कागदावरच ठीक आहे. न नेलेले अहवाल ज्या खणात ठेवतात तो उघडून पाहिला, की औषधाच्या टंचाईपेक्षा ही पाकिटे अधिक बोलकी वाटतात.

या मौनाचा एक मोठा पुरावा महाराष्ट्रातूनच जगासमोर आला. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ती पाहणी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. त्यांपैकी सर्वच आजार संसर्गाचे होते असे नव्हे. परंतु तक्रार घेऊन येईल तिलाच तपासावे, ही पद्धत किती तोकडी आहे हे त्या आकड्यांवरून उमगते.

तत्काळ तपासणी ही या अडचणीवर काढलेली वाट आहे. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीच्या एका टोकाला ठेवतात आणि त्यावर द्रावणाचे काही थेंब सोडतात. रक्त कागदातून टिपकागदासारखे पुढे सरकते. सिफिलिसच्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये रक्तात असतील तर ती वाटेत रंगीत कणांना चिकटतात आणि ठरावीक जागी अडकून एक रेघ उमटते. अनेक पट्ट्यांत हे कण सोन्याचे असतात. इतक्या सूक्ष्म रूपात सोने पिवळे न दिसता लालसर जांभळे दिसते. दुसरी रेघ पट्टी नीट चालल्याची खूण असते. ती उमटली नाही तर निकाल ग्राह्य धरीत नाहीत. घरच्या घरी करावयाच्या गर्भधारणेच्या चाचणीचे तत्त्व हेच आहे आणि २०२० नंतर कोविडच्या तपासणीमुळे अशी पट्टी सर्वांच्याच परिचयाची झाली आहे. पंधरा ते वीस मिनिटांत निकाल समोर येतो. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, प्रशिक्षित परिचारिका ती करू शकते. बाई रक्तदाब आणि वजन तपासून, आहाराविषयी ऐकून बाहेर पडेपर्यंत निकालही मिळालेला असतो आणि गरज असल्यास इंजेक्शनही त्याच भेटीत देता येते.

त्याच टोचणीतून एचआयव्ही व कावीळ ब यांच्याही तत्काळ तपासण्या होतात. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र एका पट्टीवर कधीही निदान केले जात नाही. पहिला निकाल होकारार्थी आल्यास वेगवेगळ्या प्रकारच्या आणखी दोन चाचण्या करूनच निर्णय होतो. एचआयव्ही व सिफिलिस दोन्ही दाखविणारी एकत्र पट्टीही निघाली असून गर्भवतींच्या पहिल्या तपासणीत ती वापरावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केली. क्यूबा या देशाने आईकडून बाळाकडे जाणारा एचआयव्ही व सिफिलिस हे दोन्ही आटोक्यात आणल्याची अधिकृत मान्यता २०१५ साली प्रथम मिळविली; आपला शेजारी श्रीलंका २०१९ साली त्या यादीत आला. भारत सरकारने जन्मजात सिफिलिसच्या निर्मूलनाचे धोरण २०१५ साली जाहीर केले आणि २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातही या तपासण्यांचा समावेश आहे.

या पट्टीच्या मर्यादाही स्पष्टपणे नमूद करणे कर्तव्य आहे. पहिली मर्यादा अशी की एकदा सिफिलिस झालेल्या व्यक्तीच्या रक्तात ही प्रतिद्रव्ये बहुधा आयुष्यभर राहतात, उपचार पूर्ण झाले तरीही. त्यामुळे पट्टीवर रेघ उमटली म्हणजे आजार आजही चालू आहे असे निश्चित म्हणता येत नाही. त्यासाठी व्हीडीआरएल किंवा तत्सम तपासणी करावीच लागते; उपचारानंतर आजार हटत आहे की नाही, हेही त्याच तपासणीच्या उतरत्या प्रमाणावरून कळते. म्हणून प्रयोगशाळेची गरज संपलेली नाही. फरक इतकाच की गर्भवतीच्या बाबतीत तो दुसरा अहवाल येईपर्यंत न थांबता पहिले इंजेक्शन देतात. कदाचित अनावश्यक ठरलेले एक इंजेक्शन आणि कदाचित गमावलेले एक बाळ, यांचा ताळेबंद मांडावयास वैद्यकीय पदवी लागत नाही. दुसरी मर्यादा म्हणजे अगदी अलीकडे झालेला संसर्ग सुटून जाऊ शकतो. प्रतिद्रव्ये तयार होण्यास काही आठवडे लागतात.

तिसरी बाब अनेकांना ठाऊक नसते. परमा आणि क्लॅमिडिया या दोन आजारांसाठी इतकी साधी आणि विश्वासार्ह पट्टी अद्याप सर्रास वापरात आलेली नाही. त्यांच्यासाठी क्षयरोगाच्या तपासणीतील सीबीनॅटसारख्या, जंतूंची जनुके शोधणाऱ्या यंत्राची आवश्यकता असते. त्याला सुमारे दीड तास लागतो आणि खर्चही बराच येतो. त्यामुळे या आजारांत डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या निरनिराळ्या रंगांच्या औषधसंचांची रचना याच तत्त्वावर आहे. ती पद्धत लक्षणे असलेल्यांना उपयोगी पडते. ज्यांना लक्षणेच नाहीत त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

आता थोडे कोठारघराविषयी, कारण तो प्रस्तुत लेखकाच्या अखत्यारीतील भाग आहे. बहुतेक पट्ट्या २ ते ३० अंश तापमानात ठेवाव्या लागतात. सोलापूरचा एप्रिल-मे सर्वांना माहीत आहे. पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या छताखालील खोलीत त्याहूनही अधिक. उष्णतेने खराब झालेली पट्टी बाहेरून चांगलीच दिसते, हा खरा धोका. म्हणून पट्ट्यांचा साठा वातानुकूलित खोलीत ठेवला जातो, तापमानाची नोंद दिवसातून दोन वेळा होते आणि बाह्यरुग्ण विभागात त्या दिवसापुरतेच नग दिले जातात. ज्याची मुदत आधी संपते तो संच आधी, हा नियम साठा नोंदवहीत तंतोतंत पाळला जातो. पट्टी पाकिटातून काढल्यावर लगेच वापरली जाते. निकाल ठरलेल्या मिनिटांतच वाचावा लागतो. तासाभराने पाहिल्यास फसवी रेघ दिसू शकते. यासाठी तपासणीच्या टेबलावर गजराचे एक साधे घड्याळ ठेवले आहे. लाखो रुपयांच्या यंत्रांपेक्षा या घड्याळाची चौकशी आमच्या परिचारिका भगिनी अधिक आस्थेने करतात.

पेनिसिलिनबाबतही एक गोष्ट सांगितली पाहिजे. रिअ‍ॅक्शनच्या भीतीने हे इंजेक्शन देण्यास अनेक ठिकाणी टाळाटाळ होते. गंभीर प्रतिक्रिया क्वचित येते, परंतु आली तर क्षणांचा प्रश्न असतो. त्यामुळे इंजेक्शनपूर्वी पूर्वइतिहास विचारणे, त्वचेवर चाचणी घेणे, आपत्कालीन औषधांचा ट्रे जवळ ठेवणे आणि नंतर अर्धा तास बाईला बसवून ठेवणे, ही शिस्त आवश्यक ठरते. २०१४ नंतरच्या काही वर्षांत या औषधाची टंचाई अनेक देशांत जाणवली होती. तपासणी झाली आणि इंजेक्शनच नाही, असे होऊ नये म्हणून त्याचा राखीव साठा ठेवण्यास विश्वस्त मंडळाने मान्यता दिली, याचा येथे साभार उल्लेख करतो.

रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी पुढील परिच्छेद मुद्दाम लिहीत आहे. सुनेच्या किंवा मुलीच्या पट्टीवर रेघ उमटली, तर ती रेघ फक्त एवढेच सांगते की तिच्या शरीराचा या जंतूशी कधीतरी संबंध आला. केव्हा आला, कोणाकडून आला, लग्नापूर्वी की नंतर, हे जगातील कोणतीही प्रयोगशाळा या पट्टीवरून सांगू शकत नाही. ज्या स्त्रीला स्वतःला आजाराची कल्पना नव्हती, तिच्या चारित्र्याचा निवाडा या निकालावर करणे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीला तर नाहीच. आमच्याकडे तपासणीपूर्वी समुपदेशक प्रत्येकीशी स्वतंत्र खोलीत बोलतात आणि तिची संमती घेतात. मराठीबरोबर तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या भगिनीही या कामी आहेत, कारण असे बोलणे दुभाष्यामार्फत होत नाही. निकाल तिलाच सांगितला जातो, सोबतच्या व्यक्तीला नव्हे. एचआयव्हीच्या बाबतीत संमती व गोपनीयता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक केली आहे आणि तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. सिफिलिससाठीही आम्ही तोच दंडक पाळतो. सासूबाईंना हे कधी कधी खटकते. आम्हालाच का सांगत नाही, असे त्या विचारतात. त्यांच्या काळजीबद्दल आदर बाळगूनही उत्तर बदलत नाही.

पतीची तपासणी व उपचार ही या सेवेची सर्वांत अवघड पायरी आहे. पत्नीला औषध मिळाले आणि पती तसाच राहिला, तर संसर्ग पुन्हा होऊ शकतो आणि बाळावरील संकट परत येते. परंतु यंत्रमागावर पाळी करणारा किंवा हैदराबाद मार्गावर ट्रक चालविणारा माणूस सकाळच्या प्रसूतिपूर्व विभागात, स्त्रियांच्या रांगेत, कसा येणार? चिठ्ठी पाठविण्याने काम भागत नाही. त्यासाठी सायंकाळी वेगळी वेळ ठेवली असून केसपेपरवर केवळ 'सामान्य तपासणी' असे लिहिले जाते. येणारे थोडे आहेत. तरी पूर्वी ते मुळीच येत नसत.

खर्चाविषयी. सिफिलिसची एक पट्टी घाऊक खरेदीत शंभर रुपयांच्या आत पडते. गर्भवतीकडून तिचे शुल्क घेतले जात नाही. निर्धन रुग्णांबाबतचा खर्च धर्मादाय रुग्णालयांसाठीच्या २००६ च्या योजनेनुसार ठेवलेल्या निर्धन रुग्ण निधीतून भागविला जातो आणि उर्वरित भार सर्वसाधारण देणग्यांवर पडतो. या शीर्षाखाली स्वतंत्र देणगी अपवादानेच येते, हे येथे मोकळेपणाने लिहितो. सोनोग्राफी यंत्रावर दात्याचे नाव लावता येते, खाटेवर लावता येते. वीस मिनिटांनी टाकून द्यावयाच्या पट्टीवर ते कोठे लावणार? शिवाय काही सद्‌गृहस्थांना आपल्या कुटुंबाचे नाव या आजाराशेजारी छापले जाणे रुचत नाही. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. अशा दात्यांसाठी यंदापासून पावतीवर 'माता-बाल रक्ततपासणी निधी' असे शीर्षक योजले असून नाव अहवालात छापावे किंवा नाही, हे दात्याने पावती घेतेवेळीच कळवावयाचे आहे.

ज्या बाळांच्या मातांवर उपचार झाले, त्यांची जन्मल्याबरोबर बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी होते आणि पुढील काही महिने त्यांच्या रक्ताची पुनर्तपासणी करावी लागते. या भेटींसाठी येणाऱ्या मातेस, लसीकरणाचे कार्ड दाखविल्यास, एसटीचे भाडे रुग्णालयाच्या रोखपालाकडून त्याच दिवशी दिले जाते. मुलाचे नाव ठेवलेले नसले तरी चालते. आईचा केसपेपर क्रमांक पुरे.